भिंत हलायला नको, डायलॉग कळायला हवा!

रूमवर पिक्चर बघायचाय, पण खिशात पाच-सहा हजारच आहेत. एवढ्यात होम थिएटर होतं का? होतं की! फक्त पैसे कुठं घालायचे आणि कुठं नाही, हे आधी ठरवा.

सेमिस्टर संपलं. मेसचं जेवण झालं. रूमवर सातजण दाटीवाटीने बसलेत आणि टीव्हीवर पिक्चर सुरू झालाय. हिरो हळू बोलला की सगळे एकमेकांना विचारतात, ‘काय म्हणला रे?’ म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच फायटिंग सुरू होते आणि खालून घरमालक काकांची हाक येते. मग पुन्हा रिमोट. नांदेडच्या रूमवरही हेच आणि लातूरच्या रूमवरही हेच.

यात दोष तुमच्या कानांचा नाही. टीव्ही जसजसे पातळ होत गेले, तसतशी आतल्या स्पीकरची जागा गेली. आता बऱ्याच टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी टेबलाला नाहीतर भिंतीला धडकतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. चित्र ४३ इंचाचं आणि आवाज मोबाइलएवढा, असा सगळा मामला.

मग आपण ‘होम थिएटर’ शोधायला निघतो आणि तिथंच गडबड होते. कारण दुकानात आपण विचारतो, ‘आवाज किती मोठा येतो?’ किती स्पष्ट येतो, हे कुणी विचारतच नाही. बजेट कमी असेल तर हा एक प्रश्न बदला. अर्धं काम तिथंच होतं.

डॉल्बी म्हणजे नेमकं कोण?

आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हटलं की मिरवणुकीतली, ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. ‘यंदा मंडळाने डॉल्बी लावलाय’ हे वाक्य महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर. त्यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये डॉल्बी लॅबोरेटरीज सुरू केली, ती आवाज मोठा करायला नाही. टेपवर गाणं रेकॉर्ड केलं की मागे जी बारीक ‘स्सस्स’ अशी खरखर यायची, ती घालवायला!

पुढे हीच कंपनी सिनेमात आली. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने डॉल्बी स्टिरिओ गाजवलं. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल आलं, २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’पासून ॲटमॉस. प्रत्येक वेळी मुद्दा तोच होता. कुठला आवाज कुठून यावा आणि तो स्वच्छ यावा. ज्या माणसाने खरखर घालवण्यापासून सुरुवात केली, त्याचं नाव आपण छाती धडधडवणाऱ्या डब्यांना देऊन टाकलं. आहे ना गंमत?

आता ‘फाइव्ह पॉइंट वन’चं बघू. समोर डावा, मधला आणि उजवा, शिवाय बाजूला किंवा मागे दोन, असे पाच स्पीकर. ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा वेगळा ट्रॅक. तो वूफरला जातो. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. पण दहा बाय दहाच्या रूममध्ये दोन कॉट, दोन टेबलं आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. पाच डबे ठेवणार कुठं? मागचे दोघे शेवटी कॉटखालीच जातात.

म्हणून सुरुवात दोन स्पीकरने करा. दोन सारखे स्पीकर नीट मांडले की संवाद बरोबर मधून, टीव्हीतूनच आल्यासारखे वाटतात. पाच हलक्या डब्यांपेक्षा दोन बरे डबे कधीही भारी.

५००० वॅट येतात कुठून?

स्वस्तातल्या सेटच्या खोक्यावर ठळक आकडा असतो. ५००० वॅट, ८००० वॅट. बारीक अक्षरात शेजारी ‘पीएमपीओ’ लिहिलेलं असतं. म्हणजे क्षणभरासाठी निघू शकेल असा कागदावरचा आकडा. तो काढायची एक ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे ज्याला जो सोयीचा वाटेल तो छापतो. आपण बघायचा तो ‘आरएमएस’ वॅटचा आकडा. सेट सलग किती ताकद देऊ शकतो, हे तो सांगतो.

आरएमएस लिहिलेला नसेल तर सेट उलटा करा. मागच्या पाटीवर तो वीज किती घेतो हे लिहिलेलं असतं. तिथं ४० वॅट असेल, तर स्पीकरला त्यापेक्षा कमीच मिळणार. ४० लिटरच्या टाकीतून ५००० लिटर पाणी निघत नाही. हे लातूरकरांना तरी सांगायला नको!

आपल्या रिपेअरवाल्यांकडे गाजलेली ‘४४४०’ नावाची आयसी घ्या. किती तरी गावठी ॲम्प्लिफायर तिच्यावर चालले. ती बनवणाऱ्या सान्यो कंपनीच्या स्वतःच्या कागदावर आकडा आहे, दोन चॅनेलला प्रत्येकी ६ वॅट आणि दोन्ही एकत्र जोडले तर १९ वॅट. तरी त्यावर अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी गाणी वाजायची.

ते कसं काय? तर घरच्या साध्या स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर साधारण ८५ ते ८८ डेसिबल आवाज मिळतो. हा आवाज गप्पा मारण्याच्या आवाजापेक्षा बराच मोठा. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वॅट १० पट लागतात. म्हणजे छोट्या रूमला प्रत्येक स्पीकरमागे १५-२० खरे वॅट भरपूर झाले. वरच्या आकड्यांसाठी दिलेले पैसे कानापर्यंत पोहोचतच नाहीत.

सहा हजारांचा हिशेब

भाव बदलत राहतात, म्हणून वाटणी लक्षात ठेवा. समजा चौघांनी दीड-दीड हजार काढले आणि ६००० जमले.

स्पीकरची जोडी: ३०००. निम्मे पैसे इथंच. आवाज शेवटी इथूनच निघतो.

ॲम्प्लिफायर: १२००. हल्ली ‘३११६’ नावाच्या चिपचे तयार छोटे बोर्ड मिळतात. ही चिप साडेचार ते २६ व्होल्टवर चालते. म्हणजे बंद पडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर इथं कामाला येतो. त्यावर ८ ओहमच्या स्पीकरला साधारण २० वॅट मिळतात. जोडण्याआधी प्लस-मायनस मात्र दोनदा तपासा.

टीव्हीशी जोडणारा कन्व्हर्टर: ६००. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर हाही खर्च वाचला.

वायर, पिना, स्टँड: ५००. उरलेले ७०० हाताशी ठेवा, कारण काहीतरी राहतंच. वूफर पुढच्या सेमिस्टरला. आणि हो, रूम सोडताना सेट कोण नेणार, हे आजच ठरवून घ्या. नाहीतर सेट टिकेल, दोस्ती टिकणार नाही!

सुट्या पार्टसाठी आधी आपल्याच गावातल्या रेडिओ-टीव्ही रिपेअरच्या जुन्या दुकानात विचारा. नांदेडकरांनी वजिराबादला आणि लातूरकरांनी गंजगोलाईला एक चक्कर टाकून बघावी. नाही मिळालं तर पुण्यातली तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. हैदराबादला जाणं-येणं असेल तर कोठी भागातली गुजराती गल्ली या पार्टसाठी प्रसिद्ध आहे.

जुनं ते सोनं, पण वाजवून बघा

स्पीकरसाठी नवीनच घ्यायला पाहिजे असं काही नाही. कुणाच्या तरी घरी माळ्यावर जुना सीडी प्लेअरवाला सेट पडलेला असतो. त्याचे डबे बऱ्याचदा आजच्या हलक्या प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा दणकट असतात. घेताना तीन गोष्टी बघा. कोन दोन्ही हातांनी अलगद आत दाबा, घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल गेली समजा. कोनाच्या कडेचं फोम बोट लावताच भुगा होत असेल तर ते बदलावं लागेल. आणि ट्विटर वाजतो का, हे कान जवळ नेऊन ऐका. मंडपवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर कॉइल आणि कोन बदलून देतात, पण त्याचा खर्च आधी विचारून मगच सौदा करा.

सुटा स्पीकर आणून डबा स्वतः करायचा असेल, तर डबा का लागतो हे समजून घ्या. स्पीकरचा कोन पुढे आवाज ढकलतो तेव्हा मागे त्याच्या उलटा आवाज जातो. हे दोन्ही मिसळले की खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यावर स्पीकर ठेवून बघा, लगेच फरक कळेल. गावाकडं स्पीकर माठाच्या तोंडावर ठेवून गाणी ऐकायचे, ते उगाच नाही. सुताराकडून जाड प्लायचा डबा करून घ्या, सांधे फेव्हिकॉलने हवाबंद करा आणि आत जुन्या उशीतला फायबर थोडा सैलसर भरा. दोन्ही डबे एकाच मापाचे हवेत.

एक सक्त गोष्ट. २३० व्होल्टच्या उघड्या ट्रान्सफॉर्मरशी खेळ नको. होस्टेलच्या एकाच बोर्डावर पाच-पाच पिना लोंबत असतात, तिथं तर नकोच. तयार, बंद अडॅप्टर वापरा. जुनाच ॲम्प्लिफायर असेल तर फ्यूज आणि वायर जाणकाराकडून तपासून घ्या.

जोडणी: दहा मिनिटांचं काम

प्लसला प्लस, मायनसला मायनस. एका स्पीकरची वायर उलटी झाली तर एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. मग खालचा आवाज गायब होतो आणि संवाद मधून यायचे ते कुठूनही येतात. डब्यावरची खूण पुसली असेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन बाहेर आला, तर सेलचं प्लस टोक जिथं लागलंय ते प्लस. मात्र ट्विटरला सेल लावू नका.

ओहमही बघा. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले की ४ ओहम होतात. ॲम्प्लिफायरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा खाली गेलात तर तो तापतो आणि एक दिवस जातो. वायरसाठी मात्र जास्त पैसे घालवू नका. पाच मीटरला १ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर पुरते. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरने रूमवर काही फरक पडत नाही.

ऑप्टिकल कन्व्हर्टर लावला आणि आवाजच आला नाही, तर घाबरू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. स्वस्तातल्या कन्व्हर्टरना तेवढंच कळतं. लॅपटॉपवरून बघत असाल तर स्पीकर सेटिंग ‘स्टिरिओ’ ठेवा. तिथं ‘५.१’ असेल आणि स्पीकर दोनच, तर मधल्या स्पीकरचे संवाद हवेतच जातात. कित्येकदा ‘डायलॉग ऐकू येत नाही’ या तक्रारीचं उत्तर इतकंच असतं. ब्लूटूथ सोयीचं, पण त्यात आवाज मागे पडू शकतो. ओठ हलतात आणि शब्द नंतर येतात. पिक्चरसाठी वायरच बरी.

खोलीही वाजते!

रूमच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागे ‘टर्रर्र’ असा आवाज आला, तर तुमची खोली संवाद पुसट करणार. आपल्याकडची शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती, रिकामं छत यांवर आवाज चेंडूसारखा उडतो. त्यावर महागडे फोम नकोत. खाली सतरंजी, समोरच्या भिंतीला आजीची जाड वाकळ, खिडकीला जाडसर पडदा, मागे पुस्तकांनी भरलेलं शेल्फ. सेटमध्ये एकही पैसा न घालता आवाज सुधारतो.

स्पीकर कपाटावर ठेवू नका. ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकरमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढ्याच अंतरावर तुम्ही बसा, म्हणजे तिघांचा त्रिकोण होईल. भिंतीपासून वीतभर तरी पुढे घ्या. कोपऱ्यात सारलेला स्पीकर धबधब करतो आणि त्यात शब्द बुडतात.

दहा फुटांच्या खोलीची आणखी एक खोड आहे. तेवढ्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपासचा खालचा आवाज अडकून घुमतो. खोली चौरस असेल तर दोन्ही बाजूंनी तेच. म्हणून पुढे वूफर घेतलात तर एक युक्ती करा. वूफर तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, गाणं लावा आणि रूमभर रांगत फिरा. जिथं तो घुमल्याशिवाय नीट ऐकू येईल, तिथं वूफर ठेवा. रूमपार्टनर हसतील, हसू द्या.

कान एकच जोडी आहे

आवाज स्पष्ट असावा, याचा हट्ट फक्त पिक्चरसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास चालतो, ९० चा फक्त ४ तास आणि १०० चा अवघी २० मिनिटं. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसांसारख्या पेशी आवाज पकडतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. आधी वरचे, बारीक आवाज जातात. म्हणजे ‘स’, ‘श’, ‘फ’ असे शब्दांतले धारदार भाग. मग बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही, म्हणून आपण आवाज वाढवतो. वाढवला की आणखी पेशी जातात. वीस-बाविसाव्या वर्षी सुरू झालेलं हे चक्र पुढे महागात पडतं.

शेजाऱ्यांचंही बघायला हवं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शेजारच्या रूममध्ये कुणीतरी नीटचा अभ्यास करत बसलेलं असतं, हे लातूरला वेगळं सांगायला नको.

ऐकायचं काय?

सेट लागला की पहिल्यांदा ‘झिंगाट’ लागणार, हे माहीतच आहे. लावा बिनधास्त! पण त्याच ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. मिरवणुकीच्या डब्यांवर त्यातली धडधड तेवढी पोहोचते. ‘याड लागलं’ चांगल्या दोन स्पीकरवर ऐका, व्हायोलिनचा ताफा कुठं बसलाय ते डोळे मिटून दाखवता येईल.

दुसरी परीक्षा चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ची (२०२०). शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या तरुणाची गोष्ट. रात्री रिकाम्या रस्त्यावरून तो मोटारसायकलवर जातो आणि कानात माईंचं व्याख्यान सुरू असतं. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. मागे तानपुरा. तानपुऱ्याची आस आणि माईंचा एकेक शब्द वेगवेगळे ऐकू आले, तर तुमचा सेट पास.

मी मास कॉमला शिकते. एडिटिंगमध्ये बोलणं नीट आलंय का हे तपासायची एक साधी रीत आहे. आवाज वाढवायचा नाही, कमी करायचा. कमी आवाजातही शब्द कळले तर काम झालं. दुकानात सेट घेतानाही हेच करा. दुकानदार व्हॉल्यूम फुल्ल करून दाखवेल, काच थरथरेल, तुम्हीही खूश व्हाल. तेव्हा हसून म्हणा, ‘दादा, जरा बारीक करा.’ आणि एखाद्या मराठी पिक्चरमधला दोन माणसं हळू बोलतात असा सीन लावायला सांगा. सगळं कळलं, तर पैसे काढा. नाही कळलं, तर पुढच्या दुकानात चला.